क्रेन उशिरा का येते

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या घाटात काही पलटी झालं की दुसऱ्या दिवशी बातमीत एक वाक्य हमखास असतं, ‘क्रेन येण्यास विलंब झाल्याने वाहतूक ठप्प.’ ती क्रेन म्हणजे मी. खोपोलीत आमच्या दोन हायड्रा, म्हणजे चाकांवरच्या छोट्या क्रेन, आहेत, एक मोठी क्रेन आहे, टोचनाचा, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढायचा, धंदा वडिलांच्या काळापासूनचा. आज जरा लांबण लावतोय, आणि वैतागून लिहितोय, तेवढं सांभाळून घ्या.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री सव्वाअकराला पोलिसांचा फोन.

‘क्रेन घेऊन ये लवकर.’
‘काय पडलंय साहेब?’
‘ट्रेलर.’
‘भरलेला का रिकामा?’
‘अरे तू ये तर आधी!’

हायड्रा काढली आणि गेलो. शोल्डरवरून, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून, कसाबसा पोचलो. मुंबईकडे उतरणारा ट्रेलर तिन्ही लेन अडवून आडवा, आणि त्याच्यावर पत्र्याच्या दोन कॉइल, म्हणजे गुंडाळ्या, एकेक बारा टनांची. आता माझ्या हायड्रावर १४ टन लिहिलंय हे खरं, पण ते बूम, म्हणजे क्रेनचा हात, आत घेतलेला आणि जमीन सपाट असतानाचं. बूम बाहेर काढला की आकडा झरझर खाली येतो. ओल्या डांबरावर, उतारावर, तिने ती कॉइल उचलायची म्हणजे ट्रेलरशेजारी माझीही आडवी. मोठी क्रेन लागणार होती. फोनवर ‘भरलेला, कॉइल आहेत’ एवढे तीन शब्द मिळाले असते तर तीच काढली असती.

मोठी क्रेन खाली खोपोलीतच उभी होती. पण तोवर ट्रेलरमागे गाड्यांची रांग लागलेली, शोल्डरसुद्धा गच्च. पुण्याकडे जाणाऱ्या लेनमधले लोकही काचा खाली करून बघत बघत चाललेले, म्हणून तिकडेही गाड्या रांगतायत. वर खंडाळ्याला जाऊन, वळून, त्या गर्दीतून खाली यायचं म्हणजे पहाट. ट्रेलरच्या पुढचा रस्ता मात्र पार रिकामा. एक कुत्रं बसलं होतं मधोमध. मी म्हटलं, साहेब, खालून उलट्या दिशेने आणू द्या, पुढे एक गाडी लावा दिव्याची, पंधरा मिनिटांत आणतो. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, ‘माझ्या अधिकारात नाही, विचारतो.’ विचारण्यात सव्वा तास गेला.

क्रेन आली, तर ट्रान्सपोर्टवाल्याचा माणूस फोनवर. ‘आमचा विम्याचा सर्व्हेअर आल्याशिवाय मालाला हात लावायचा नाही. नुकसान झालं तर तुम्ही भरणार का?’ मी भरणार नाही, उघड आहे. मग परत थांबा.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. गाडी उचलायला वेळ लागत नाही. कोणी ‘उचल’ म्हणायला वेळ लागतो. आमच्या लाइनमध्ये कुणालाही विचारा.

लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की पंचनामा होईपर्यंत गाडी इंचभरही हलवायची नाही. साधं कारला बंपर घासलं तरी दोघे मधल्या लेनमध्ये उभे राहून भांडतात, चाकं धड असताना. अरे बाबांनो, चार फोटो काढा आणि कडेला घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ मध्ये अपघातातली गाडी दुसरीकडे नेऊन तपासायची सोय आहे, फक्त कुठे नेली ते मालकाला कळवायचं. पोलिसांकडे आता अपघात नोंदवायचं अ‍ॅप आहे, फोटो आणि ठिकाण जागेवरच चढतं. खडूने खुणा करायच्या, मापं घ्यायची, उचलायचं. जिथे माणूस गेलाय तिथे वेळ लागणार, तिथे घाई करा असं कोणीच म्हणणार नाही. पण कांद्याची गोणी सांडली म्हणून तीन तास?

जखमींच्या बाबतीत आपण हे सुधारलंय. १०८ ची अँब्युलन्स २०१४ पासून आहे, ती कुणाला विचारत बसत नाही की पेशंटचा मालक कोण. रस्त्यावरच्या जखमीला हात लावला तर पोलिसांचं झंझट मागे लागेल ही भीतीही होती, तर २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ आलं आणि चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला कायद्याचं कवच मिळालं. घाटात एक्स्प्रेसवेच्या देवदूत बचाव पथकाची टीम आणि खोपोली-लोणावळ्याची मदतीला धावणारी पोरं ज्या पद्धतीने पत्रा कापून माणूस बाहेर काढतात ते मी फुटभरावरून बघितलंय, त्यांना हात जोडावेत. माणूस बाहेर निघाला, अँब्युलन्स गेली, की मग सगळं थंड पडतं. उरलेला लोखंडाचा ढीग कोणाचा, हे कोणालाच ठाऊक नसतं.

अमेरिकेत फ्लोरिडात याच्यावर एक योजना आहे. मोठी गाडी पलटी झाली की ठरलेल्या क्रेनवाल्याने ६० मिनिटांत पोचायचं, आणि काम सुरू करायचा हुकूम मिळाला की ९० मिनिटांत लेन मोकळ्या करायच्या. वेळेत झालं तर वर बक्षिसाचे पैसे, फारच रेंगाळलं तर दंड. तिकडच्या बऱ्याच राज्यांत पोलिसांनी रस्ता मोकळा करताना माल खराब झाला तरी त्यांच्यावर दावा लागत नाही, निष्काळजीपणा नसेल तर. हे वाचलं तेव्हा खरं सांगतो, मला पैशांपेक्षा ते घड्याळ आवडलं. हुकूम कधी दिला याची नोंद होते. आपल्याकडे क्रेन कधी आली एवढीच होते.

माझा मावसभाऊ स्टुटगार्टला असतो. तिथे हायवेवर गाड्या नुसत्या हळू झाल्या, थांबल्यासुद्धा नाहीत, तरी सगळ्यात डावीकडच्या लेनने डावीकडे सरकायचं आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे, मधे वाट सोडायची. नाही सोडली तर कमीत कमी २०० युरो. आपल्याकडे लेन थांबली की पहिला हुशार शोल्डरमध्ये घुसतो, त्याच्यामागे दुसरा, आणि पाच मिनिटांत अँब्युलन्सची आणि माझी एकमेव वाट बंद. वर तेच लोक लाइव्ह जाऊन विचारतात, प्रशासन कुठे आहे. तुमच्या मागे आहे, हॉर्न वाजवतंय.

टँकरचं मात्र वेगळं. तिथे मी कोणालाही घाई करू देत नाही. १३ जून २०२३ ला एक्स्प्रेसवेवरच्या कुणे पुलावर केमिकलचा टँकर पेटला, चार जीव गेले, त्यात पुलाखालच्या रस्त्यावरून जाणारे होते. त्यानंतर मी टँकरच्या पाठीवरच्या पाटीचे, आत काय आहे ते सांगणारे, नंबर पाठ केले. १२०३ पेट्रोल, १०७५ एलपीजी, १२३० मिथेनॉल. मिथेनॉलची ज्वाळा दिवसा उन्हात धड दिसतही नाही. मला हे कोणी शिकवलं नाही, मोबाइलवर बघून शिकलो. फोन करणाऱ्याने तो चार आकडी नंबर वाचून दाखवला तर फायर ब्रिगेडला फोम लागणार का पाणी, लोकांना किती लांब ठेवायचं, हे निघायच्या आधी कळेल. दुर्बीण लागत नाही, मोबाइलचा कॅमेरा झूम करा.

आणि ते दगड! गाडी बंद पडली की मागे दगड आणि झाडाच्या फांद्या लावतात, तेही दहा पावलांवर. साठच्या स्पीडने येणारी कार सेकंदाला सोळा-सतरा मीटर येते, वळणावर तिला तुमची फांदी दिसणार कधी? गाडी नेली तरी दगड तिथेच. माझ्या पोराने गेल्या वर्षी एका रात्रीत अकरा गोळा केले.

त्या रात्रीचं राहिलं. सर्व्हेअर आलाच नाही, शेवटी मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चालेल’ लिहिलं. पट्टे बांधले, कॉइल एकेक करून कडेला, मग ट्रेलर उभा केला. हवा गेल्यामुळे मागचे ब्रेक धरून बसले होते, ते खाली झोपून बोल्टाने मोकळे केले आणि ओढला. पन्नास मिनिटं. पहिल्या रांगेत एक इनोव्हा होती, मागच्या सीटवर दोन लेकरं एकमेकांच्या अंगावर झोपलेली. ड्रायव्हर खाली उतरला, साडेचार तास अडकलेला माणूस. घड्याळ बघितलं, मोकळा रस्ता बघितला, मला म्हणाला, ‘दादा, एवढंच काम होतं?’

मी पट्टे गुंडाळत होतो. म्हटलं, हो, एवढंच.