केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा तसंच का बांधायचं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा तसंच बांधावं, असं म्हणणारा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि मनापासून विरोध नोंदवलात, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे आक्षेप असे: गावातले रस्ते धड नसताना नाट्यगृहावर कोट्यवधी रुपये कशाला? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री लागलेल्या आगीत मूळ वास्तू गेली, आता उभी राहील ती नुसती नक्कल. त्यापेक्षा शहराबाहेर दोन हजार खुर्च्यांचं, भरपूर पार्किंगचं संकुल बांधा. आणि एका राजाच्या हौसेचं एवढं कौतुक कशासाठी?

सुरुवात शेवटच्या आक्षेपापासून करते.

इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले. त्या प्रवासात रोममधलं कलोसियम पाहिल्यावर त्यांच्या डोक्यात कुस्तीच्या मैदानाची कल्पना आली आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झालं. लगेच पुढच्या वर्षी त्याला लागूनच पॅलेस थिएटरचं, म्हणजे आजच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचं, बांधकाम सुरू झालं. ते १९१५ मध्ये पुरं झालं. कुस्तीचा आखाडा आणि संगीत नाटकाचा रंगमंच असे पाठीला पाठ लावून बांधण्यात मला महाराजांचा सगळा स्वभाव दिसतो. मैदानात बसणारा माणूस आणि नाटकाला येणारा माणूस वेगवेगळ्या जातीचे, वेगवेगळ्या लायकीचे आहेत हे त्यांना मान्यच नव्हतं. याला हौस म्हणणं मला पटत नाही. याच राजाने राधानगरी धरणाचं काम काढलं, १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. धरण, शाळा आणि नाटक ही त्यांच्या लेखी एकाच राज्यकारभाराची कामं होती. आज ‘आधी रस्ते’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. खराब रस्त्यासाठी तुम्ही निवेदन काढा, मी सही करते. पण नाट्यगृहाचा पैसा वाचवला म्हणून तो रस्त्यातले खड्डे बुजवायला जाईल याची हमी कोण देणार?

आता नावाबद्दल. पॅलेस थिएटरला १९५७ मध्ये केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं, म्हणजे राजवाड्याची ओळख जाऊन तिथे नटाचं नाव आलं. केशवराव याच कोल्हापूरचे, जन्म ९ ऑगस्ट १८९०. लहानपणीच नाटक मंडळीत गेले, ‘संगीत शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजले, १९०८ मध्ये स्वतःची ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेला या संगीत नाटकाचा प्रयोग, झाला. त्यात बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. आग लागली ती त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. दुसऱ्या दिवशी तिथे कलावंत जमले ते काळवंडलेल्या भिंतींसमोर. त्यातले कित्येक जण याच रंगमंचावर राज्य नाट्य स्पर्धेत पहिल्यांदा उभे राहिले होते. त्यांना रडताना पाहून ‘भावनिक नाटक’ असं तुम्ही लिहिलंत, ते मला लागलं.

तुमच्या प्रतिक्रियेत न आलेली एक गोष्टही सांगते, कारण ती या गावाची खरी कमाई आहे. ललितकलादर्शचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबुराव पेंटर कोल्हापूरचेच. नाटकाच्या पडद्यावर हात बसलेल्या बाबुरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये इथेच ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी सुरू केली आणि १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपटही इथेच घडला. बोलपट आल्यावर नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. ज्या गावाने बोलपट दिला, त्याच गावाने आपलं नाट्यगृह मात्र त्या पडझडीतून शंभर वर्षं टिकवलं. ते एका आगीवरून सोडून द्यायचं?

नक्कल म्हणाल तर, व्हेनिसचं ‘ला फेनिचे’ हे ऑपेरागृह १९९६ मध्ये जळून खाक झालं. ‘जसं होतं तसं, जिथे होतं तिथे’ असं ठरवून गावाने ते पुन्हा उभं केलं आणि २००३ मध्ये खुलं केलं. त्याला आज कोणी नक्कल म्हणत नाही, कारण तिथे गाणं चालू आहे. आपल्याकडे तर दगडी भिंती उभ्या राहिल्या आहेत. छप्पर, रंगमंच, खुर्च्या गेल्या. या गोष्टी कोणत्याही थिएटरात काही दशकांनी बदलाव्याच लागतात. मूळ आहे ते रंगमंच आणि शेवटची रांग यांच्यातलं अंतर. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात नटाचा आवाज मागच्या माणसापर्यंत पोचावा म्हणून ते ठरलं होतं.

म्हणूनच दोन हजार खुर्च्यांना माझा ठाम विरोध आहे. एवढ्या मोठ्या सभागृहात संमेलनं होतील, सत्कार होतील, पण दोन पात्रांचा हळू आवाजातला प्रवेश तिथे मरतो. शिवाय हौशी संस्था एवढं भाडं आणणार कुठून? शहराबाहेर रात्री साडेबाराला प्रयोग सुटल्यावर म्हातारी माणसं घरी कशी जाणार?

एका बाबतीत मात्र तुम्ही म्हणता तसा आधुनिकपणा मलाही पूर्ण हवा आहे. विंगा, पडदे, लाकडी फळ्या, त्यावर तापलेले दिवे आणि जुनं वायरिंग हे मिळून आगीला आमंत्रणच असतं. नव्या बांधकामात आग न पकडणारे पडदे हवेत, छतातून आपोआप पाणी सुटणारी यंत्रणा हवी, प्रेक्षागृह आणि रंगमंच वेगळे करणारा लोखंडी पडदा हवा. वायरिंगची तपासणी दरवर्षी व्हावी आणि तिचा अहवाल नाट्यगृहाच्या दारावर लावावा. महापालिकेकडे मागायचं ते हे, आणि हौशी संस्थांसाठी वेगळा, परवडणारा भाडेदर. या दोन मागण्यांच्या निवेदनावर तुमची सही मिळाली तर मला फार आनंद होईल, बाकी मतभेद राहिले तरी.