‘वेडाचं सोंग घेतलं की सुटतात’ म्हणे!

सध्या एक मजकूर फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: गुन्हा करायचा, डॉक्टरचा कागद आणायचा आणि सुटायचं, आता तर कोठडीतच मानसोपचारवाले पाठवून गुन्हेगारांचे लाड चाललेत, तेही आपल्या करातून, आणि कोणी खरंच आजारी असेल तर तुरुंगात डॉक्टर असतोच की.

आधी ‘सुटतात’ हे बघू. ज्या खटल्यामुळे ‘वेडाच्या भरात केलं’ या बचावाचे नियम घडले, त्यातला आरोपी डॅनियल मॅक्नॉटन. १८४३ साली लंडनमध्ये त्याने ब्रिटिश पंतप्रधान पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. ज्युरीने वेडाच्या कारणावरून त्याला निर्दोष ठरवलं. मग सुटला का? आधी बेथलेम, नंतर ब्रॉडमूर अशा वेड्यांच्या इस्पितळांत डांबला गेला, आणि १८६५ मध्ये तिथेच मेला. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणारा जॉन हिंकली १९८२ मध्ये निर्दोष ठरला, पण रुग्णालयाबाहेर कायमचं राहायला त्याला २०१६ उजाडलं. शेवटच्या अटी उठल्या २०२२ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. शिवाय हा बचाव घेतं कोण? अमेरिकेतल्या आठ राज्यांच्या १९९१ च्या अभ्यासात शंभर गंभीर खटल्यांमागे जेमतेम एकात तो घेतलेला आढळला, आणि घेतलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्साच टिकला.

आणि मुळात कोठडीतली मदत हा बचाव नव्हेच. ‘लाड’ म्हणणाऱ्यांनी हा घोटाळा करून ठेवलाय, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा, एकाला शुक्रवारी रात्री उचललं. त्याच्या गोळ्या घरी, उशाशी. शनिवार गेला, रविवार गेला, झोप नाही. सोमवारी न्यायालयात तो स्वतःशीच पुटपुटतोय आणि सगळे म्हणतात, नाटक करतोय. दुसऱ्याची बुद्धीची वाढ कमी आहे. त्याला विचारलं, “मागच्या दाराने शिरलास ना?” “हो.” “म्हणजे पुढचं दार तूच फोडलंस?” “हो.” समोरचा चिडू नये म्हणून तो प्रत्येक प्रश्नाला मान डोलावणार. जबाब तयार, सही झाली, तपास संपला. आणि ज्याने खरंच दार फोडलं तो मोकळा फिरतोय! यात लाड झाले ते कोणाचे?

अशा वेळी लागतं ते फार मोठं नसतं. आल्या आल्या कोणीतरी जाणकाराने विचारायचं: कोणत्या गोळ्या चालू आहेत, शेवटची कधी घेतली, जीव द्यावासा वाटतो का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलिस कायद्याखालच्या संहितांनुसार अशा दुबळ्या आरोपीची चौकशी करताना पोलिसांशी संबंध नसलेली प्रौढ व्यक्ती शेजारी बसवावी लागते. आरोप जसाच्या तसा राहतो, खटलाही चालतो.

सोंग घेणारे असतात, हे मला मान्य आहे. पण सोंग ओळखायचं तर पहिल्याच दिवशी तपासणी हवी. सहा महिन्यांनी, तारखांवर तारखा पडल्यावर, तेव्हा त्याची मनःस्थिती काय होती हे कोण छातीठोकपणे सांगणार?

‘तुरुंगात डॉक्टर असतोच.’ बरं. २०१२ मध्ये २४ देशांतल्या ३३,५८८ कैद्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. पुरुषांत ३.६ टक्क्यांना वास्तवाचं भान सुटणारा गंभीर आजार होता, १०.२ टक्क्यांना तीव्र नैराश्य. स्त्रियांत हेच आकडे ३.९ आणि १४.१. एवढ्यांना एखादा डॉक्टर काय पुरणार? आत्महत्येचा धोकाही आत गेल्यावरच्या सुरुवातीच्या दिवसांतच विशेष असतो, त्यामुळे ‘नंबर लागेल तेव्हा भेटू’ हे उत्तर चालत नाही. कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत तर स्पष्ट म्हटलंय की तुरुंगात राहून ज्याचा गंभीर मानसिक आजार बळावेल त्याला तुरुंगात ठेवू नये, उपचाराच्या ठिकाणी हलवावं.

राहिला कर. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८८ पासून काही पोलिसांना मानसिक संकटातल्या माणसाला कसं हाताळायचं याचं ४० तासांचं प्रशिक्षण द्यायला लागले. तीच पद्धत पुढे मायामीने उचलली. तिथे २०१० ते २०१९ या काळात मानसिक संकटाचे एक लाखाहून जास्त कॉल या पोलिसांनी हाताळले; अटक झाली ती दोनशेहून कमी जणांना. कैदी इतके घटले की काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाला, एक तुरुंगच बंद करता आला. मग कर वाया गेला की वाचला?