अंधेरीच्या डगआउटमधला चॅम्पियन्स लीगवाला

मुंबई सिटी या फुटबॉल क्लबकडे कोण कोण मोठी माणसं येऊन गेली याची चर्चा निघाली की आपल्याकडचे फुटबॉलवाले ठरलेली तीन नावं घेतात. अनेल्का, ल्युंगबर्ग, फोरलान. तिघंही पुढे खेळणारे, तिघांचेही गोल यूट्यूबवर बघता येतात. जॉर्ज कोस्टाचं नाव कुणीच घेत नाही. पोर्तुगालच्या पोर्तो क्लबचा कॅप्टन म्हणून २००४ ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा करंडक, उचललेला हा माणूस ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईचा कोच झाला आणि दोन हंगाम अंधेरीच्या टचलाइनवर उभा राहून ओरडला. मैदानात असूनही आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो कोण आहे याचा पत्ता नव्हता. सेंटर-बॅक होता ना, बचावात मधोमध उभा राहणारा. सेंटर-बॅकचं पोस्टर कोण लावतं?

५ ऑगस्ट २०२५ ला ओलिव्हालला, पोर्तोच्या सराव केंद्रातच त्याचं हृदय बंद पडलं. वय ५३. त्यानंतर जे मृत्युलेख आले त्यांत खेळाडू म्हणून सगळी कारकीर्द रंगवून सांगितलेली, आणि शेवटी एक ओळ: 'नंतर त्याने अनेक क्लबांचं प्रशिक्षकपद सांभाळलं.' माझं भांडण त्या एका ओळीशी आहे.

खेळाडू म्हणून तो कोण होता हे आधी सांगतो, कारण ते मोठंच आहे. १९९१ मध्ये लिस्बनला ब्राझीलला पेनल्टीवर हरवून पोर्तुगालच्या पोरांनी युवा विश्वचषक जिंकला, तो त्या संघात होता. फिगो, रुई कोस्टा यांची ती पिढी. त्या पिढीत सुंदर खेळणाऱ्यांची कमी नव्हती, म्हणून मागे धक्के खाणारा आणि देणारा कुणीतरी लागायचाच. पोर्तोत त्याला 'बिशु' म्हणायचे, म्हणजे जनावर. आठ वेळा पोर्तुगालची लीग, देशासाठी ५० सामने. आणि २००२ च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध स्वतःच्याच जाळ्यात गेलेला गोलही त्याच्याच नावावर. डिफेन्डरच्या वाट्याला हेही येतं.

धुतल्या तांदळासारखं काही नव्हतं, हेही सांगायला हवं. नोव्हेंबर १९९६ मध्ये पोर्तो-मिलान सामन्यानंतर बोगद्यात मिलानच्या जॉर्ज वियाने डोकं मारून त्याचं नाक फोडलं. कोस्टाने वर्णद्वेषी शिव्या दिल्या असं वियाचं म्हणणं होतं, कोस्टाने ते साफ नाकारलं. पुराव्याअभावी युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, कोस्टावर कारवाई केली नाही, वियावर सहा सामन्यांची बंदी घातली. बोगद्यात नेमकं काय बोललं गेलं हे त्या दोघांनाच ठाऊक. मी त्यावर निकाल देणार नाही, पण त्याच्यावर लिहिताना हे गाळणारही नाही.

मला त्याच्या खेळाडूपणातला सगळ्यात बोलका प्रसंग वाटतो तो २००१ चा. सामना चालू असताना कोच ओक्तावियो माशादोने त्याला बाहेर काढलं आणि या पठ्ठ्याने कॅप्टनचा आर्मबँड जमिनीवर फेकला. झालं. अख्ख्या पोर्तोचा लाडका कॅप्टन घराबाहेर. डिसेंबरात इंग्लंडला चार्ल्टनकडे उसना गेला. तिथल्या लोकांनी त्याला 'टँक' नाव ठेवलं आणि डोक्यावर घेतलं. इकडे जानेवारी २००२ मध्ये पोर्तोत नवा कोच आला, त्याचं नाव मोरिन्यो. त्याने उन्हाळ्यात कोस्टाला परत आणलं, आर्मबँड परत दिला. पुढच्या मे महिन्यात सेव्हिलला सेल्टिकला ३-२ हरवून युएफा कप, त्याच्या पुढच्या मे महिन्यात गेल्सेनकिर्शेनला मोनॅकोला ३-० हरवून चॅम्पियन्स लीग.

आता त्या संघाकडे कोचिंगच्या बाजूने बघा. मोरिन्योच्या हाताखाली प्रतिस्पर्ध्यांचे अहवाल लिहिणारा पोरगा म्हणजे आंद्रे विलास-बोआस. तो पुढे चेल्सीचा कोच झाला. व्हितोर बायामुळे बाकावर बसून राहिलेला राखीव गोलकीपर म्हणजे नुनो एस्पिरितो सांतो. त्याने पुढे वुल्व्ह्जला प्रीमियर लीगमध्ये नेलं. आणि या सगळ्यांचा कॅप्टन? तो ओल्यांवला गेला.

ओल्यांव म्हणजे दक्षिणेला अल्गार्व किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. त्याआधी ब्रागात त्याला संधी मिळाली होती, ती २००७ च्या ऑक्टोबरातच संपली. ओल्यांवचा क्लब ओल्यानेन्से मात्र त्याने २००९ मध्ये दुसऱ्या विभागात पहिलं आणून वर चढवलं. तब्बल ३४ वर्षांनी तो क्लब पहिल्या विभागात परतला, आणि पुढच्या वर्षी तिथे टिकलासुद्धा. ज्याच्या घरी युरोपातला सगळ्यात मोठा करंडक आहे तो माणूस गावच्या क्लबला खाली जाऊ न देण्यासाठी वर्षभर झगडतो, याला कमीपणा समजणारे लोक मला कळत नाहीत.

मग सुरू झाली वणवण. रोमानियात क्लुज: तिथे एप्रिल २०१२ मध्ये हंगाम संपायच्या आत नारळ मिळाला आणि त्याच हंगामात क्लबने लीग जिंकली! सायप्रसमध्ये दोन क्लब. मग आफ्रिकेत गॅबॉनचा राष्ट्रीय संघ, हाताशी स्ट्रायकर ऑबामेयांग. २०१५ च्या आफ्रिका कपात बुर्किना फासोला हरवलं, पुढचे दोन्ही सामने गमावले, गटातूनच बाहेर. मग फ्रान्समध्ये दुसऱ्या विभागातलं तूर, तिथे संघ तळाला राहून खाली घसरला. आणि तिथून थेट अंधेरी.

कॅप्टन एकाच घरात पंधरा वर्षं राहू शकतो. कोचला बिऱ्हाड पाठीवर घेऊनच फिरावं लागतं, आणि प्रत्येक गावात नवी भाषा, नवा मालक, दुसऱ्याने निवडलेले खेळाडू. 'एवढा मोठा खेळाडू, पण कोच म्हणून काही जमलं नाही' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की जमणं म्हणजे काय? जगात मोरिन्यो किती आणि तूरसारखे क्लब किती?

आपल्याकडचं बोलू. आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, सुरुवातीला नावावर कोच आणायची पद्धत होती. झिको, मातेराझी, रोबेर्तो कार्लोस. कोस्टाचंही नाव होतंच, पण तो आला तेव्हा त्याच्या मागे दहा-अकरा वर्षांची हमाली होती, आणि ती दिसली. ऑक्टोबर २०१८ मध्ये फातोर्ड्याला गोव्याने मुंबईला ५-० असं धुतलं. मडगावच्या माझ्या मेहुण्याचे फोन दोन दिवस घ्यायची सोय राहिली नव्हती. इतक्या लवकर असा मार खाल्लेला संघ बहुतेक वेळा हंगामभर सावरत नाही. हा सावरला. मागे गोयानने भिंत धरली, गोलमध्ये अमरिंदर, मधे पाउलो माशादो, आणि पुढे सुगू सुटला. डिसेंबरात केरळ ब्लास्टर्सला ६-१, त्यांतले चार एकट्या सुगूचे. दोन दिवसांत केरळने कोच डेव्हिड जेम्सला घरी पाठवलं. जानेवारीत, तोवर एकही सामना न हरलेल्या बंगळुरूला मुंबईने १-० हरवलं. सुंदर फुटबॉल होता असं मी म्हणणार नाही. चेंडू काढून घ्या, लवकर पुढे द्या, बाकी सगळे मागे. कोस्टा स्वतः तसाच खेळला होता, मग संघ दुसरा कसा खेळणार? तिसऱ्या क्रमांकावर येऊन सेमीफायनल गाठली.

सेमीफायनलला पुन्हा गोवा. अंधेरीत बास्तोसने मुंबईला आधी गोल करून दिला आणि मग गोव्याने पाच मारले. फातोर्ड्याच्या परतीच्या लेगला मुंबई १-० जिंकली, पण त्याचं काय लोणचं घालायचं? कोच लोबेराच्या गोव्यापुढे कोस्टाची भिंत दोनदा कोसळली, हे मान्यच. चेंडू पायात ठेवणाऱ्या संघाला नुसतं थोपवून धरायचं त्याचं गणित तिथे चुकायचं.

दुसऱ्या हंगामात मँचेस्टर सिटीवाल्या सिटी ग्रुपने क्लब घेतला, अपेक्षा बदलल्या. बंगळुरूला दोन्ही सामन्यांत हरवूनसुद्धा शेवटी प्लेऑफसाठी चेन्नईयनला अंधेरीत हरवणं भाग होतं. सामना ०-१ गेला, आणि गोल मारला कुणी? वर्षभरापूर्वी याच मुंबईचा कॅप्टन असलेल्या गोयानने. पाचवा क्रमांक, आणि मार्च २०२० मध्ये कोस्टाची रजा. त्याच्या जागी लोबेरा गोव्याहून आला, आपली निम्मी माणसं सोबत घेऊन, आणि शील्ड (साखळीत पहिलं येण्याची) व ट्रॉफी (फायनलची) दोन्ही जिंकून मोकळा झाला. लोबेरा भारी कोच आहेच. पण त्याला हवे ते खेळाडू मिळाले, कोस्टाला होते त्यांत भागवावं लागलं, हेही त्याच वाक्यात म्हणायला हवं.

यानंतर तो संपला असं मलाही वाटलं असतं. पण २०२३ मध्ये त्याने एव्हीएस घेतला. व्हिला दास आव्हेसचा हा क्लब त्या वर्षी नव्यानेच उभा राहिला होता. दुसऱ्या विभागात तिसरा, मग प्लेऑफमध्ये पोर्तिमोनेन्सेला हरवून थेट वर. पंधरा वर्षांच्या अंतराने दुसरा छोटा क्लब त्याने पहिल्या विभागात नेला. मग २०२४ च्या उन्हाळ्यात पोर्तोने त्याला घरी बोलावलं, फुटबॉल संचालक म्हणून. बोलावणारा अध्यक्ष कोण? तोच अहवाल लिहिणारा विलास-बोआस. ज्या क्लबचा तो एवढी वर्षं कॅप्टन होता, त्याचा मुख्य कोच मात्र तो कधीच झाला नाही.

मुंबई सिटीच्या जुन्या लोकांसाठी एक प्रश्न. केरळच्या त्या ६-१ च्या वेळी तुमच्यापैकी स्टँडमध्ये कोण कोण होतं? आणि पाचवा गोल झाल्यावरही तो आपल्याच बॅकवर ओरडत होता, हे मला आठवतंय तसंच तुम्हालाही आठवतंय का?