हिरायामांची ओळख १९५९ च्या चित्रापासून व्हावी

इकुओ हिरायामा हे नाव निघाले की बहुतेकांना निळसर वाळवंटातून चाललेले उंटांचे तांडे आठवतात. रेशीम मार्गावरची ती चित्रे सुंदर आहेतच. परंतु हा जपानी चित्रकार समजून घ्यायचा असेल, तर त्याने वयाच्या २९ व्या वर्षी रंगवलेल्या 'बुक्क्यो देनराई', म्हणजे 'बौद्ध धर्माचे आगमन', या चित्रापासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरायामा १५ वर्षांचे होते आणि इतर विद्यार्थ्यांप्रमाणे युद्धकामासाठी हिरोशिमातील लष्करी आगारात राबत होते. ते वाचले, त्यांचे अनेक शाळासोबती वाचले नाहीत. पुढे किरणोत्सर्गाचे परिणाम जाणवू लागले, रक्तातील पांढऱ्या पेशी निम्म्याहून खाली घसरल्या, आणि मरण्यापूर्वी मनाजोगे एक तरी चित्र हातून व्हावे या इच्छेने त्यांना पछाडले. त्याच सुमारास टोकियो ऑलिंपिकची ज्योत रेशीम मार्गाने आणावी अशी सूचना त्यांच्या वाचनात आली आणि त्या मार्गाने भारतात आलेला सातव्या शतकातील चिनी भिक्षू ह्युएनत्संग त्यांना आपल्या चित्राचा नायक म्हणून गवसला.

चित्रात घोड्यांवर स्वार झालेले दोन भिक्षू आहेत, एक घोडा पांढरा, दुसरा काळसर. सरसात कालवलेल्या खनिज रंगांचे थर एकमेकांत असे मिसळले आहेत की आकृतींच्या कडा पूर्ण ठरत नाहीत, तरीही प्रवासाची दिशा मात्र अगदी स्पष्ट जाणवते. यात ज्वाळा नाहीत, प्रेते नाहीत. हिरोशिमाची आग, आणि त्या आगीत उभा असलेला फुदो म्योओ, म्हणजे जपानी बौद्ध परंपरेतील उग्र रक्षक देव, त्यांनी रंगवला तो थेट १९७९ मध्ये.

याला कोणी वास्तवापासून पळ काढणे म्हणेल; मला ते मुळीच पटत नाही. ह्युएनत्संग ६२९ मध्ये बादशाही मनाई मोडून निघाला, वाळवंटात पाण्यावाचून मरता मरता वाचला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. ज्याला स्वतःच्या आयुष्याची खात्री नव्हती, त्या आजारी तरुणाने मृत्यूच्या तोंडातून बाहेर पडून काम पुरे करणारा माणूस निवडला, यापेक्षा हिरोशिमाला अधिक थेट उत्तर काय असू शकते?

आपल्याला तर हा भिक्षू परका नाहीच. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळात तो महाराष्ट्रात आला, इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असे त्याने लिहून ठेवले, आणि त्याने वर्णिलेला डोंगरातील विहार म्हणजे अजिंठाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

नारा येथील याकुशिजी मंदिरात २००० साली हिरायामांनी याच प्रवासावरची ४९ मीटर लांबीची भित्तिचित्रे पूर्ण केली. त्यांत अफगाणिस्तानातील बामियान आहे, नालंदा आहे, दख्खनच्या पठारावरची संध्याकाळही आहे. त्या भव्यतेपुढे सुरुवातीचे चित्र केवळ पूर्वतयारी ठरते, असे मानायला मी तयार नाही. भित्तिचित्रांत प्रामुख्याने भिक्षूने पाहिलेले प्रदेश आहेत. १९५९ च्या चित्रात तो भिक्षू स्वतः आहे, आणि त्याला रंगवणाऱ्याला पुढचे चित्र हातून होईल की नाही हे ठाऊक नव्हते. म्हणूनच मी या चित्राला त्यांच्या कामात पहिले स्थान देतो.