नानकटाई हसली

भाचा बॉस्टनला गेल्यापासून दर ऑक्टोबरला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाल-पिवळी पानं गळायला लागतात. पानांच्या ढिगात लोळणारं त्याचं पोर, सफरचंदाच्या बागेत शिडीवर चढलेली भाचेसून, दालचिनी घातलेला घरचा केक आणि भोपळ्याचा ‘पाय’ नावाचा एक पदार्थ. (भोपळ्याला पाय फुटलेले मी तिथेच पाहिले.) सफरचंदं तोडायला ही मंडळी पैसे भरून जातात म्हणे. आमच्या आजोळी पैसे मोजूनही आंबे उतरवायला माणूस मिळत नाही, हे मी त्याला कळवलं. त्याने नुसता हसरा चेहरा पाठवला.

यंदा मात्र हिने फोन खाली ठेवला आणि विचारलं, “अहो, आपल्याकडे शरद ऋतू नसतो का?”

असतो की. शाळेत त्यावर निबंध लिहून मी दहापैकी सात मार्क मिळवलेत. आश्विन आणि कार्तिक, निरभ्र आकाश, नितळ पाणी, दुधासारखं चांदणं. हे सगळं खरं आहे, फक्त पुण्यात ते रात्री दहानंतर खरं होतं. दिवसा काय, पाऊस परतीच्या वाटेला लागलेला असतो, ढगांचं छप्पर उडालेलं असतं, जमीन अजून ओली असते आणि त्या ओलीवर असं ऊन पडतं की निघालेली वाफ थेट आपल्या बनियनमध्ये शिरते. याला शुद्ध मराठीत ऑक्टोबर हीट म्हणतात. आपले ऋषी ‘जीवेम शरदः शतम्’ म्हणत शंभर शरद मागून गेले, पण त्यांच्या पर्णकुटीला पश्चिमेची खिडकी नसणार. त्यापेक्षा वैद्य प्रामाणिक. ‘वैद्यानां शारदी माता’ असं एक सुभाषितच आहे. पावसाळाभर साठलेलं पित्त या दिवसांत उसळतं, म्हणून शरद ऋतू ही वैद्यांची आई. पोटापाण्याची सोय बघणारी.

पण हिने ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर कागद लागला: कास, सीताफळं, कोजागरी, नानकटाई (घरी!). उद्गारचिन्ह मूळ प्रतीतलंच.

कासचं पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या त्यांतलं एक. ही माहिती मी गाडीत तीनदा सांगितली, कारण गाडी हलतच नव्हती. आख्खं पुणे त्या रविवारी शरद ऋतूचा आनंद घ्यायला निघालं होतं. पोचलो तेव्हा फुलांचा बहर ओसरत आलेला. तेरड्याचा गुलाबी गालिचा आता चटईवर आला होता आणि सोनकी तेवढी पिवळीधमक उभी होती. सीतेची आसवं नावाचं निळं-जांभळं फूल बघायचं तर जवळजवळ लोटांगण घालावं लागतं. फूल करंगळीच्या नखाएवढं, नाव इतकं करुण आणि धंदा मात्र किडे पकडून खाण्याचा! ही वनस्पती कीटकभक्षी आहे हे मी गुडघ्यांवर बसून मुलीला समजावलं आणि उठताना डावा गुडघा अडकला. मागच्या अनोळखी बाईंनी तेवढ्यात माझा फोटो काढला. कुणाच्या तरी ग्रुपवर मी सध्या ‘निसर्गापुढे नतमस्तक’ म्हणून फिरत असणार.

सीताफळांना दिवे घाट ओलांडून सासवडकडे गेलो. रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बसलेल्या एका मावशींनी “घ्या दादा, साखर हाय निस्ती” म्हटलं आणि मी भाव न करता आख्खी पाटी उचलली. वरच्या थरातल्या फळांचे डोळे उघडलेले होते, खालची अगदी गाढ झोपेत. घरी आणून तांदळाच्या डब्यात, पेपरमध्ये, कपाटात, जिथे जागा मिळेल तिथे त्यांना निजवलं. चार दिवस रोज दाबून बघितली. पाचव्या दिवशी सकाळी सगळी एकदम उठली. सीताफळाला थांबा म्हणून सांगता येत नाही. त्या दिवशी न्याहारीला सीताफळ, जेवणानंतर सीताफळ, चहाऐवजी सीताफळ, आणि रात्री हिने रबडीसाठी गर काढायला बसवलं. बिया चाळणीवर घासत मी मोजत होतो. सातशेनंतर सोडून दिलं.

कोजागरीला गच्चीवर केशर-वेलदोड्याचं दूध आटवून नेलं आणि चंद्र ढगात गेला. लक्ष्मी मध्यरात्री ‘को जागर्ति’ विचारत फिरते. मी जागा होतो. डास होते.

आता नानकटाई.

आमच्या लहानपणी नानकटाई घरी करत नसत, घरून नेत. दिवाळीच्या आधी आठ दिवस पेठेतल्या बेकरीत नंबर लावायचा. मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा घरूनच न्यायचा. डालडा म्हणजे तो खजुराच्या झाडाचं चित्र असलेला पिवळा डबा. रिकामा झाला की त्यात तुळस लावायची. बेकरीत काळोख, लाकडाचा धूर आणि तापलेल्या तुपाचा असा वास की घशाखालीच गोड लागायचं. बनियन-लुंगीतला एक माणूस आपलं सामान परातीत ओतून तळहाताने नुसतं पुढे ढकलत राहायचा. मळायचा नाही, चोळायचा. मग लिंबाएवढे गोळे, अंगठ्याने मधोमध एक दाब, पत्र्यावर ओळीत मांडणी आणि कडेच्या गोळ्यावर आपल्या नंबराची चिठ्ठी. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावरून पत्रा भट्टीच्या तोंडात जायचा. आई बजावून पाठवायची, “मोजून आण. पत्र्यामागे दोन काढून घेतात मेले.” मी मोजायचो. दोन कमी भरायच्या. त्या वाटेत मीच खाल्लेल्या असत, पण बट्टा भट्टीवाल्याला.

या बिस्किटाचं मूळ सुरतेचं सांगतात. डच लोकांसाठी चालणारी बेकरी एका पारशी गृहस्थाकडे आली आणि त्याने इथल्या जिभेला रुचेल असं काही करता करता नानकटाई झाली, अशी कथा आहे. म्हणजे डच भट्टी, पारशी डोकं, गुजराती गाव आणि आमची दिवाळी. एवढ्या लोकांनी मिळून केलेली गोष्ट आमची ही एकटी करायला निघाली होती. एकटी म्हणजे मला धरून.

ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आमच्याकडे होता. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आलेला, आणि तेव्हापासून त्याच्या पोटात कुकरच्या जुन्या रिंगा राहत होत्या. कृती वरच्या मजल्यावरच्या काकूंची. काकूंनी ती तोंडी दिली, कारण “यात चुकण्यासारखं काही नाहीच मुळी.” एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, थोडा रवा, चिमूट सोडा, वेलदोडा-जायफळ. “डालडा नको, साजूक घाला. माझी कधीच फसत नाही.” हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

दुपारी दोनला सुरुवात झाली. तूप आणि साखर हलकं होईपर्यंत फेसायचं हे काम माझं. तूप फेसायला थिजलेलं लागतं. आमचं तूप बरणीत नुसतं कडेला धरून होतं, मध्ये तळं. ऑक्टोबरच्या दुपारी तेहतीस अंशांत तेही बिचारं काय करणार! मी अर्धा तास परातीत गोल गोल हात फिरवला. पंखा लावायचा नाही, कारण मैदा उडतो. खिडकी उघडायची नाही, कारण शेजारच्या बांधकामाची धूळ येते. माझ्या कपाळावरून एक थेंब ओघळत नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि थांबला. खाली परात. हात दोन्ही तुपात. “अगं, अगं” एवढंच म्हणता आलं. हिने पदर पुढे केला, वेळेवर. वेळेवरच केला असं आम्ही घरात ठरवलं आहे.

पहिल्या पत्र्यावर बारा गोळे मांडले. सुरीने वर अधिकची खूण केली, पिस्त्याचे काप दाबले. ओटीजी दहा मिनिटं आधी तापवायचा असतो. तापवला. स्वयंपाकघर आधीच तापलेलं, त्यात १८० अंशांचं हे खोकं. सहाव्या मिनिटाला मुलीने आत गीझर लावला आणि खट्! आख्खं घर अंधारात. म्हणजे दुपार होती, पण फ्रिज गप्प झाला की अंधारल्यासारखंच वाटतं. पडलेला एमसीबी वर करेपर्यंत गोळ्यांनी बाहेरच हातपाय पसरले होते.

काचेतून आम्ही तिघं बघत होतो. तिसऱ्या मिनिटाला गोळे बसले. पाचव्याला शेजारच्याला टेकले. आठव्या मिनिटाला सीमारेषा पुसल्या गेल्या. पंधराव्या मिनिटाला पत्र्यावर एकच नानकटाई होती, पत्र्याच्या मापाची, चौकोनी, तिच्यावर बारा ठिकाणी अधिकच्या खुणा. अनारसा तुपात सोडल्यावर विरघळून पसरला की आपल्याकडे तो ‘हसला’ म्हणतात. आमची नानकटाई खदाखदा हसली होती.

“वड्या पाडू,” ही म्हणाली. पाडल्या. त्यांचा भुगा झाला. मुलीने भुगा चमच्याने खाल्ला आणि चव छान आहे असं सांगितलं. या घरात अजून कोणीतरी आशावादी आहे.

दुसऱ्या खेपेला मैदा वाढवला. ही माझी सूचना. हे गोळे अजिबात पसरले नाहीत. जसे ठेवले तसेच राहिले, अगदी तत्त्वनिष्ठ. मात्र वरचा रॉड लागलाच नव्हता. तो एका वेगळ्या बटणावर असतो आणि त्या बटणाच्या जागी फक्त खाच उरली होती. खालून कोळसा, वरून पांढरंफटक. एक फरशीवर पडली. नानकटाईला काही झालं नाही.

काकूंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, “पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये नाही का ठेवलं? उन्हाळ्यात तूप सैल पडतं, ठेवावं लागतं. सगळ्यांना माहीत असतं म्हणून मी बोलले नाही.” ऑक्टोबरला उन्हाळा म्हणणारी पहिली व्यक्ती म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला असता, पण वेळ तशी नव्हती. निम्मं पीठ शिल्लक होतं. साजूक तुपातलं. टाकवत नाही आणि भाजवत नाही, असं पीठ.

तेवढ्यात फोन वाजला. भाचा. सूर्यफुलांच्या शेतात उभं कुटुंब, खाली ओळ: ‘मामी, तुमचं फॉल बेकिंग कसं झालं? फोटो टाका!’ हिने फोन पालथा घातला, केस बांधले आणि म्हणाली, “पेठेतली ती बेकरी आहे ना अजून?”

आहे. आता भट्टी तीच असली तरी दारावर क्यूआर कोडची पाटी आहे आणि सामानाऐवजी किलोमागे मजुरी लिहिलेली आहे. दिवाळी दहा दिवसांवर, त्यामुळे रांग रस्त्यापर्यंत. आमचं पीठ स्टीलच्या डब्यात, डबा कापडी पिशवीत, आणि पिशवीवर हिने टॉवेल टाकलेला, दवाखान्यात कोणाला जेवण नेतात तसा. माणूस आता टी-शर्टातला होता, पण हात तेच. त्याने झाकण उघडलं, चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

“घरी ट्राय केलं का साहेब?”

“थोडंसं,” मी म्हणालो.

“चालतंय. दिवाळीला निम्मा माल असाच येतो.” त्याने वाटीभर रवा आणि आणखी कसलीतरी पूड मिसळली, पीठ दोनदा तळहाताने ढकललं आणि ते एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं. आमचा नंबर सत्तेचाळीस. चिठ्ठी कडेच्या गोळ्यावर. तासाभराने या.

तासभर कुठे जाणार, म्हणून तिथेच बाजूला उभे राहिलो. भट्टीच्या तोंडातून वास आला आणि घसा गोड झाला. मी हिला त्या वाटेतल्या दोन नानकटायांची गोष्ट सांगायला लागलो, तेवढ्यात हिने माझा दंड दाबला.

रांगेच्या शेवटी, एका हाताने ओढणी सावरत आणि दुसऱ्या हातातला डबा पाठीमागे लपवत वरच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. नजरानजर झालीच. आता ओळख न दाखवणं शक्य नव्हतं.

“मी बाई चकलीची भाजणी दळायला आले होते,” काकू म्हणाल्या.

बेकरीत.

“हो का?” ही म्हणाली. “आम्हीपण.”