गार्डियन बुडालं ते फक्त नकाशामुळे? छे!

वास्कोतल्या आमच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. अमेरिकेचं माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारं जहाज, यूएसएस गार्डियन जानेवारी 2013 ला फिलिपिन्सच्या तुब्बाताहा रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर चढलं ते निव्वळ नकाशा चुकला म्हणून, कॅप्टन बिचारा निर्दोष. वर जहाज जुनाट लाकडी, आणि ओढून काढायचं सोडून गुपितं लपवायला तुकडे केले म्हणे.

नकाशा चुकला होता, ते कबूल. एका डिजिटल चार्टवर रीफ साधारण 8 सागरी मैल सरकलेला होता, म्हणजे पणजी ते म्हापसा एवढं तरी धरा. पण जहाजावर दुसऱ्या स्केलचा चार्टही होता आणि दोघांचं जुळत नव्हतं, ते कोणी निस्तरलंच नाही. डोळ्याला दिसणाऱ्या खुणा होत्या, उपकरणांचे अलार्म होते, असं नेव्हीच्याच चौकशीत आलंय. आपल्याकडचा साधा तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख घ्या, रात्री अग्वादच्या दीपगृहाचा दिवा भलत्याच बाजूला दिसला तर आधी इंजिन कमी करील, मग जीपीएसला शिव्या घालील. म्हणून तर कॅप्टनसकट चौघांना कामावरून काढलं.

लाकडाचं तर हसूच येतं. मुद्दामच लाकडी बांधतात हो, वरून फायबरग्लास. लोखंडी जहाजाच्या चुंबकत्वाने फुटणारे सुरुंग असतात, ते शोधायला लोखंडातच बसून कोण जाईल? आपल्या गोवा शिपयार्डात कोरियन कंपनीबरोबर 12 माइनस्वीपर बांधायचं चाललं होतं ना, 2018 ला बारगळलं ते, त्यांचीही बॉडी फायबरचीच होणार होती.

आणि तुकडे. लाटांनी आपटून आपटून तळाला भोकं पडलेली, आत पाणी, तसंच ओढलं असतं तर जहाज मोडलं असतंच पण आणखी प्रवाळ खरवडून गेलं असतं, आणि ती जागा युनेस्कोच्या यादीतली आहे. म्हणून आधी डिझेल काढलं, मग क्रेनने तुकडे उचलले, 30 मार्चला काम संपलं. तरी 2,345 चौरस मीटर प्रवाळ गेलंच, त्याचे जवळपास 20 लाख डॉलर अमेरिकेने 2015 ला भरले. माणूस मात्र एकही गेला नाही, 79 चे 79 सुखरूप उतरले.

अडीच महिन्यांत जागा मोकळी केली त्यांनी. आपल्या गोव्यातलं रिव्हर प्रिन्सेस जहाज घ्या, चांगली लोखंडी, 2000 च्या जूनमध्ये कांदोळीला रुतली ती दहा वर्षं उलटली तरी तिथेच, पोरं तिच्यासमोर फोटो काढत मोठी झाली.