सात सूत, चौदा आटे

पहिलं यंत्र मी घरी आणलं ते कुरडया करायला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे काही झालं त्यात माझा हेतू शुद्ध होता, याची कुठेतरी नोंद असलेली बरी.

आम्ही राहतो मिनेसोटात, रॉचेस्टरजवळ. इथे उन्हाळा जेमतेम तीन महिने. तेवढ्यात लोक गवत कापतात, मासे पकडतात आणि स्वतःच्या घरातली अडगळ गराजसमोर मांडून दुसऱ्याच्या घरात पोचवतात. अशाच एका गराज सेलमध्ये, टेबलाखाली, गंजक्या बिजागऱ्यांच्या डब्याशेजारी ते बसलं होतं. बिडाची जाडजूड गोल चौकट, तिच्या डोक्यावर आटे पाडलेलं भोक, खालून वर सरकणारा दट्ट्या आणि तो वर ढकलायला हातभर लांबीचा दांडा. सोऱ्या! तोही शंभर माणसांच्या पंगतीचा! किंमत दहा डॉलर. विकणाऱ्या आजींनी विचारलं, "हे काय आहे माहीत आहे ना तुला?" मी म्हटलं, "म्हणजे काय!" वीसेक पौंडांचा तो ऐवज छातीशी धरून मी गाडीपर्यंत आलो, तेव्हा मी एक सुखी माणूस होतो.

बायकोने त्याला चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "ह्यात पीठ कुठून घालायचं?"

याचं उत्तर शोधताना दट्ट्या हलतच नाही हेही कळलं. मग शेजारच्या आजोबांना बोलावलं. आजोबा नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांच्या चौथ्या पिढीतले, ऐंशीच्या पुढचे. अस्सल मिनेसोटी माणूस कधी कोणाला वाईट म्हणत नाही. एखादी गोष्ट अगदीच भयंकर वाटली तर "दॅट्स डिफरंट" म्हणतो आणि हवामानाकडे वळतो. आजोबांनी यंत्र पाहिलं आणि डोक्यावरची टोपी मागे सरकवली. म्हणाले, "हर्टर्स आहे हा. ह्यात काडतुसं भरतात."

कुरडयांचा विषय तिथेच संपला.

आपण ज्याला सरसकट 'गोळी' म्हणतो ती चार वस्तूंची मोट असते: पितळेची नळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी खरी गोळी. बार उडाला की तिघं कामी येतात, नळी तेवढी मागे राहते, जराशी फुगून. चौघांत महाग तीच. म्हणून इथले नेमबाज आणि शिकारी ती जपून घरी आणतात, या यंत्रात दाबून पुन्हा मापात बसवतात आणि नव्याने भरतात. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणाऱ्या आणि पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवणाऱ्या घरात मी वाढलो. ही कल्पना ऐकली आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

खरं तर बंदूक मी आयुष्यात एकदाच हातात धरली आहे, जत्रेत, फुगे फोडायला. फुगा फुटला, पण शेजारच्या दुकानातला. गोळी झाडायची मला आजही इच्छा नाही. पण ते बीड, ते आटे, तो तेलकट वास, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला टोपी मागे सरकवायला लावणारी ती ऐट! एकाची दोन झाली, दोनाची पाच. आज तळघरात अकरा आहेत. बायकोने पहिल्याच दिवशी अट घातली होती, "घरात दारूची चिमूट जरी आली, तरी मी माहेरी जाईन." तिचं माहेर खडकीचं. वडील तिथल्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. १८६९ पासून जिथे काडतुसांशिवाय दुसरा विषय नाही, तिथे ती दारूला कंटाळून जाणार होती. मी काही बोललो नाही. संसार बिडापेक्षा लवकर तडकतो.

आता या छंदाच्या पोथ्याही पाठ झाल्या आहेत. माझा हर्टर्स वसीका गावचा, आमच्याहून पश्चिमेला तासाभरावर. त्या कंपनीच्या जुन्या कॅटलॉगांत बदकाच्या लाकडी पुतळ्यांपासून होडीपर्यंत सगळं मिळे आणि जे मिळे ते जगप्रसिद्ध असे. आपल्याकडच्या दंतमंजनाच्या जाहिराती त्यापुढे संकोची वाटतात. त्याच्याही आधी, १८८४ मध्ये, कनेटिकटात जॉन बार्लो नावाच्या माणसाने आयडियल कंपनी काढली. त्याचं हत्यार हुबेहूब अडकित्ता. खिशात टाकावं, जंगलात शेकोटीपाशी बसावं आणि सुपारी कातरल्यासारखी काडतुसं भरावीत. १९२५ मध्ये ती कंपनी लायमनकडे गेली. आणि कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावात १९४३ मध्ये, महायुद्धामुळे गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा, फ्रेड हंटिंग्टनने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत गोळ्या घडवायचा साचा केला. मारायचा होता रॉक चक, म्हणजे डोंगरातला एक गलेलठ्ठ घुशीसारखा प्राणी. त्यावरून साच्याचं नाव 'रॉक चक बुलेट स्वेज', त्याची आद्याक्षरं आरसीबीएस, आणि तीच पुढे कंपनी झाली. एका घुशीचं नाव इतकं मोठं झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. 'हॉलीवूड' नावाचंही एक यंत्र आहे, वजनदार आणि महाग. "एक हॉलीवूड मिळतंय," असं मी बायकोला म्हणालो, तेव्हा ती क्षणभर आनंदली होती. तो आनंद टिकला नाही.

या जगात जात नाही, पण रंग आहे. आरसीबीएस हिरवं, लायमन नारिंगी, डिलन निळं, ली आणि हॉर्नडी लाल. हिरवेवाले निळ्यांशी बोलतात ते तोंडापुरतं, लालवाल्यांना सगळेच स्वस्तातले समजतात, आणि कुठल्याही चर्चेचा शेवट "तुमच्या रंगाने देशासाठी काय केलं" इथे येऊन ठेपतो. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

यंत्रं टपालाने येतात. इथे टपालखात्याचा एक ठरीव मापाचा खोका असतो. आत काहीही घाला, सत्तर पौंडांपर्यंत दर तोच. ही योजना आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वेटर असावेत. खोका चपलांचा आणि वजन जात्याचं, असं ते पार्सल आमच्या टपालवाल्या बाईंनी तिसऱ्यांदा पायरीवर ठेवलं आणि प्रेमाने विचारलं, "घर बांधताय का?"

खरा छळ त्यापुढचा. गंज. पहिल्या यंत्राला मी व्हिनेगरच्या बादलीत बुडवलं. व्हिनेगर कैरीच्या लोणच्यासाठी आणलेलं होतं, हे मला नंतर सांगण्यात आलं, आणि बराच वेळ सांगण्यात आलं. दोन दिवसांनी यंत्र बाहेर काढलं तर चांदीसारखं लख्ख. बायकोला दाखवायला हाक मारली. ती जिना उतरून येईपर्यंत त्यावर पुन्हा नारिंगी पापुद्रा चढला होता. आंबट उतरवायला लगेच सोड्याच्या पाण्यात बुडवायचं असतं आणि तेल फासायचं असतं, हे पुढच्या पानावर होतं.

मग वीज. धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरीचा चार्जर, एका तारेला यंत्र आणि दुसऱ्या तारेला बळी द्यायला एखादा लोखंडी पत्रा. पत्रा सापडेना म्हणून मी स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट उचललं, बायकोच्या आजीचं, नाव घातलेलं. तार जोडणार तेवढ्यात वाचलं की स्टेनलेस स्टील वापरायचं नाही, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होतं. ताट जागेवर गेलं. रसायनशास्त्राने माझा संसार वाचवल्याची ही एकमेव वेळ. पितळी सुट्या भागांना मात्र मी चिंच आणि पितांबरी लावतो. इथले जाणकार त्यासाठी अक्रोडाच्या टरफलांचा चुरा वापरतात. माझं पितळ पाहून आजोबांनी पावडरचं नाव विचारलं आणि एक डबी नेली, ती परत आलेली नाही.

लायमनचा एक स्पार-टी आला, डोक्यावर सहा भोकांची फिरती चकती असलेला. त्याचा मूळ रंग वाटेतच कुठल्यातरी दशकात गळून गेला होता. मूळ रंग खरवडून नवा देणं या पंथात पाप आहे. पण मूळ रंगच नसेल तर, अशी पळवाट काढून मी त्याला लायमनचाच नारिंगी रंग दिला, दोन हात. वाळायला तळघराच्या कोनाड्यात ठेवला, खाली तेल टिपायला ताटली. त्या रविवारी मंडळाची मीटिंग आमच्याकडे होती. जास्तीच्या खुर्च्या आणायला एक वहिनी खाली गेल्या. बराच वेळ वर येईनात म्हणून पाहायला गेलो, तर चपला जिन्याशी काढलेल्या आणि वहिनी कोनाड्यापुढे हात जोडून उभ्या. "किती छान मारुती आहे हो," त्या म्हणाल्या, "कुठून आणलात?" मी खरं तेच सांगितलं, "कनेटिकटहून." त्यांनी ताटलीत एक डॉलर ठेवला.

पुढच्या मे महिन्यात सासरे आले, सहा महिन्यांसाठी. अप्पा फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. अमेरिकेत आलेल्या वडीलधाऱ्यांचं जे होतं ते त्यांचं आठव्या दिवशी झालं: मॉल पाहून झाला, मंदिर पाहून झालं, आणि खिडकीपाशी बसून दिवसाकाठी चार गाड्या मोजणं सुरू झालं. मी त्यांना भीत भीत तळघरात नेलं.

अप्पांनी आधी खिसा चाचपला. "काड्यापेटी नाही ना? आमच्या गेटवर काढून घ्यायचे." मग अकराही यंत्रांवरून सावकाश नजर फिरवली. "लायसन्स?"

"इथे स्वतःपुरतं भरायला लागत नाही, अप्पा. आणि मी भरतही नाही."

"मग?"

"साफ करतो."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी दिली तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं, असा तो चेहरा होता. "दांडा ओढला की किती निघतात?"

"एक. तीसुद्धा तीन-चारदा ओढल्यावर."

"आणि शत्रू तोवर थांबतो?"

पण दुसऱ्या दिवशी न्याहारीला अप्पा दिसेनात. खाली गेलो तर ते हर्टर्ससमोर स्टूल टाकून बसलेले. वर्ष होत आलं तरी त्याचा दट्ट्या हललेला नव्हता. मी हातोडीचं नाव काढताच त्यांनी हात वर केला. "जावईबापू, बीड आहे. ठोकलंत तर फुटेल. त्याला वेळ द्या." आजोबांनी निम्मं अ‍ॅसिटोन आणि निम्मं गाडीच्या ट्रान्समिशनचं तेल असं मिश्रण करून दिलं होतं. अप्पा रोज आंघोळ आणि स्तोत्र आटोपून खाली जात, दट्ट्याच्या कडेने ते थेंब थेंब सोडत, लाकडी मोगरीने चार बाजूंनी चार टिचक्या मारत आणि वर येऊन चहा घेत. शनिवारी थेंब जास्त. शेजारच्या कोनाड्यातल्या मारुतीलाही एक.

आजोबाही येऊ लागले. अप्पांचं इंग्रजी कारखान्यातलं. 'टॉलरन्स', 'गो', 'नो-गो' आणि 'रिजेक्ट' एवढ्या चार शब्दांत त्यांनी तीन पंचवार्षिक योजना काढल्या होत्या. आजोबांना तेवढेही शब्द जास्त. एक दिवस अप्पा चौकटीवरच्या भोकात बोट फिरवत स्वतःशी पुटपुटले, "सात सूत. चौदा आटे." त्याच वेळी आजोबा म्हणाले, "सेव्हन-एट्स, फोर्टीन." आठ सुतांचा इंच, हे मी दोघांना समजावणार होतो. गरज पडली नाही. ते एकमेकांकडे बघत होते, आणि त्या तळघरात तिसरा माणूस मी होतो.

एकोणिसाव्या सकाळी खालून आरोळी आली, "सुटला!" शेजारचा कुत्रा सुटला असं वाटून बायकोने आधी दार लावलं.

दट्ट्या लोण्यासारखा वरखाली होत होता. बायकोने तो दोनदा करून पाहिला आणि वर्षापूर्वीचाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला, "आता ह्याचं करायचं काय?" काडतुसाची नळी पकडायला दट्ट्याच्या डोक्यावर एक खोबणीदार तुकडा लागतो, हर्टर्सला दुसऱ्यांचा सहसा बसत नाही आणि स्वतःचा मला मिळालेला नव्हता. म्हणजे ज्या कामासाठी ते जन्मलं तेही त्याला करता येत नव्हतं. अप्पा उठले आणि आजोबांच्या कोठारात गेले. तिथे लेथ आहे. संध्याकाळी दोघं परत आले ते स्टेनलेसच्या दोन गोल चकत्या घेऊन. एक सात सुती बोल्टाच्या टोकाला, वरून आट्यांत बसणारी. दुसरी दट्ट्याच्या डोक्यावर.

"पुऱ्या," अप्पा म्हणाले.

चौकट अरुंद, त्यामुळे पुरी पडली दोन इंचांची. बायकोने ती हातावर घेऊन पाहिली आणि तिचे डोळे चमकले. "ही पाणीपुरीची आहे." पुढचा तास मी एका कुटीरोद्योगाचा मजूर होतो. पुरी जाड येतेय म्हटलं की अप्पा बोल्ट फिरवून हुकूम सोडत. इंचात चौदा आटे, म्हणजे पूर्ण फेऱ्याला चकती पावणेदोन मिलिमीटरहून किंचित जास्त खाली येते, पाव फेऱ्याला अर्ध्या मिलिमीटरहून कमी. "पाव फेरा खाली. गो. अजून निम्मा. नो-गो." न फुगलेल्या पुऱ्यांसाठी त्यांनी वेगळं ताट ठेवलं. त्याचं नाव रिजेक्ट, आणि ते मी खायचं.

आजोबांनाही एक पुरी दिली, तिखट पाण्यासकट. ती तोंडात फुटली आणि त्यांच्या चेहऱ्यावरून चार पिढ्यांचा नॉर्वे निघून गेला. डोळे पुसत म्हणाले, "दॅट्स डिफरंट." मग हवामानाकडे वळले. मग ताट पुढे केलं.

अप्पा नोव्हेंबरात खडकीला परतले. परवा त्यांचा फोन आला, माझी खुशाली न विचारता. "जावईबापू, तो सहा भोकांचा आहे ना तुमचा, फिरत्या चकतीचा? एकात पुरी, दुसऱ्यात करंजीचा साचा, तिसऱ्यात पेढ्याचा शिक्का. मी ड्रॉइंग काढलंय. फक्त तो कोनाड्यातून काढून ओट्याला बोल्ट करा."

फोन स्पीकरवर होता. बायको लाटणं हातात घेऊन बाहेर आली.

"अप्पा," ती म्हणाली, "मारुतीला हात लावायचा नाही."